मातीच्या मावळ्याचा फोटो

दिवाळी जवळ आली की जुन्नर आणि आंबेगावच्या खेड्यांत पोरांची धांदल उडते. कोणी दगड गोळा करतो, कोणी माती कालवतो, कोणी रिकामे पोते मागून आणतो. बघता बघता अंगणाच्या कोपऱ्यात किल्ला उभा राहतो. त्यावर हळीव नाहीतर मोहरी पेरतात. चार-पाच दिवसांत हिरवळ येते. मग वर सिंहासनावर शिवाजीमहाराज बसतात. बुरुजांवर आणि पायऱ्यांवर मातीचे मावळे पहारा देतात.

आपल्याकडच्या पोरांना किल्ला कसा असतो हे सांगावे लागत नाही. जुन्नरात मान वर केली की शिवनेरी दिसतो. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजीमहाराजांचा जन्म याच गडावर झाला. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्या बारांत शिवनेरी आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या डोंगरी खोऱ्यांना मावळ म्हणतात. त्या मावळातला शिपाईगडी तो मावळा.

गडाचे दगड टिकले. पण पोरांच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा टिकत नाही. तो हातातून पडतो. त्याचा रंग उडतो. पावसाळ्यात ओल धरली की तो ढासळतो. म्हणून त्याचा एक चांगला फोटो घरात असावा. फोटो काढायचा मोबाइल आता पुष्कळ घरांत आहे. तरी फोटो चांगला येत नाही. तो का येत नाही आणि कसा येईल, ते या पाठात पाहू.

एका घरची गोष्ट

कुकडी नदीच्या काठी एक घर आहे असे समजा. घरात आजी आहे, सून आहे आणि नात आहे. नातीचा थोरला भाऊ सैन्यात आहे. तो लहान असताना आजोबांनी त्याच्यासाठी बारा मावळे केले होते. साचा नाही, भट्टी नाही. नदीची माती, हाताची बोटे आणि बाभळीचा काटा, एवढेच सामान. प्रत्येक मावळा चार बोटे उंच. कोणाच्या हातात भाला, कोणाच्या हातात ढाल. आजोबा आता नाहीत. बारांतले सातच मावळे उरले आहेत.

एका दिवाळीला भावाला रजा मिळाली नाही. त्याने फोन केला, "यंदा किल्ला कर. आजोबांचे मावळे मांड. मला फोटो पाठव."

नातीने किल्ला केला. रात्री दिवा लावला, मोबाइल मावळ्याच्या तोंडाजवळ नेला आणि फोटो काढला. मोबाइलचा झगझगीत दिवा चमकला. असे पाच-सहा फोटो काढून तिने पाठवले.

दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. "फोटो मिळाले गं. पण त्यात आजोबांचा मावळा कुठला आन्‌ बाजारचा कुठला, तेच कळंना."

पोरीला वाईट वाटले. आजी म्हणाली, "अगं, मला तर तो मावळा हाय का बाटली हाय, तेबी दिसंना."

भाऊबीजेला मामा आला. मामा घोडेगावचा. तो लग्नाचे फोटो काढतो. ओवाळणी झाली. भाचीने त्याला ते फोटो दाखवले आणि विचारले, "मामा, आपला मोबाइल वाईट आहे का हो?"

मामा म्हणाला, "मोबाइल बरा आहे, पोरी. उजेड वाईट होता. चल, तुला एक गंमत दाखवतो."

उजेड बाजूने हवा

मामाने तिला घरामागे नेले. कांद्याच्या लागणीसाठी रानात सऱ्या पाडल्या होत्या. सूर्य अजून कलताच होता. प्रत्येक सरीच्या एका अंगाला ऊन होते, दुसऱ्या अंगाला सावली. सगळे रान रेघारेघांनी उठून दिसत होते.

मामा म्हणाला, "हेच रान दुपारी बारा वाजता बघ. सपाट दिसतं. सऱ्या जागेवरच असतात, पण सावली जाते आणि त्या दिसेनाशा होतात."

ही गोष्ट नीट समजून घ्या. वस्तूचा उंच-सखलपणा डोळ्याला सावलीमुळे कळतो. मराठीत फोटोला छायाचित्र म्हणतात. छाया म्हणजे सावली. नाव अगदी बरोबर आहे.

आपल्या नाणेघाटातले उदाहरण घ्या. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या काळचा ब्राह्मी लेख कोरलेला आहे. दोन हजार वर्षांत पुष्कळ अक्षरे झिजली आहेत. असे झिजलेले लेख वाचताना जाणकार लोक एका बाजूने उजेड टाकतात. मग खाचेत सावली भरते आणि अक्षर वर येते.

मोबाइलचा स्वतःचा दिवा भिंगाच्या अगदी शेजारी असतो. त्याचा उजेड वस्तूवर समोरून पडतो. सावली वस्तूच्या मागे लपते. म्हणून नाक, डोळे, पागोटे सगळे सपाट होते. रंग चकाकतो आणि चेहऱ्यावर पांढरा डाग पडतो. मावळ्याचा फोटो काढताना तो दिवा बंदच ठेवा.

खिडकी हाच आपला दिवा

मग उजेड आणायचा कुठून? मामाने घर फिरून पाहिले. उत्तरेच्या भिंतीला एक खिडकी होती. तिथे ऊन येत नव्हते, पण उजेड भरपूर होता. मामा म्हणाला, "ही जागा झकास. शहरातला फोटोवाला अशा उजेडासाठी पैसे मोजतो."

उन्हात उभे राहा. तुमची सावली काळी आणि धारदार पडते. ढगाळ दिवशी उभे राहा. सावली फिकट आणि मऊ पडते. असे का होते? आभाळात सूर्य आपल्याला टिकलीएवढा दिसतो. त्या एका जागेहून उजेड येतो, म्हणून सावलीची कड तीक्ष्ण. ढग आले की तोच उजेड आभाळभर पसरतो. सगळे आभाळच दिवा होते. मग सावलीची कड विरघळते.

मावळा चार बोटांचा. त्याच्या जवळची दोन हात रुंदीची खिडकी त्याच्या मानाने आभाळाएवढी. म्हणून खिडकीचा उजेड त्याला मऊ पडतो.

मामाने खिडकीपासून हात-दीड हातावर चौरंग ठेवला. त्यावर मावळा असा उभा केला की खिडकी त्याच्या डाव्या अंगाला आली. मोबाइल समोर. खिडकी मोबाइलच्या मागे नको, मावळ्याच्या मागेही नको. मागे असली तर मावळा काळा पडतो.

तुमच्या घराला उत्तरेची खिडकी नसेल तर काय करावे? ओसरी चालते. उघडे दार चालते. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर तिच्यावर जुन्या पांढऱ्या धोतराचा पातळ पदर ताणून बांधा. ऊन त्या कापडावर पसरते आणि कापडच दिवा होते.

आणखी एक. खिडकीजवळ फोटो काढताना घरातला पिवळा दिवा बंद करा. खिडकीचा उजेड निळसर असतो. दोन्ही एकत्र आले की मावळ्याचा अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळा येतो.

सावलीत थोडा उजेड सोडा

डाव्या अंगाने उजेड आला. उजवे अंग काळे राहिले. ढाल त्याच बाजूला होती. ती दिसेना.

मामाने भिंतीवरचे जुने कॅलेंडर काढले. त्याची मागची बाजू पांढरी होती. ती त्याने मावळ्याच्या उजवीकडे, एक वीत अंतरावर उभी धरली. खिडकीचा उजेड त्या कागदावर पडला आणि उलटून ढालीवर आला. ढाल दिसू लागली.

"जवळ धर, जास्त उजेड. लांब धर, कमी उजेड," मामा म्हणाला. "पण सावली सगळी घालवू नको. सावली गेली की रान सपाट झालं."

मागे काय असावे

पहिल्या फोटोत मावळ्याच्या मागे कळशी होती, चपला होत्या आणि विजेची तार होती. बघणाऱ्याचे डोळे तिकडे गेले. फोटो मावळ्याचा असेल तर मागे दुसरे काही दिसू नये.

आजोबांचे मावळे मातकट, फिक्या रंगाचे. मामाने आजीची काळी घोंगडी मागून घेतली आणि मावळ्याच्या मागे एक हात अंतरावर टांगली. घोंगडी लांब असल्याने तिची वीण दिसली नाही. नुसता काळोख दिसला. त्यात मावळा उठून दिसला.

मावळा गडद रंगाचा असेल तर फिका कागद घ्या. कागद भिंतीला टेकवा आणि तसाच खाली चौरंगावर वाकवून आणा. घडी घालू नका. घडीची रेघ मावळ्याच्या पायामागे दिसते आणि नजरेला खुपते.

मावळ्याच्या उंचीला या

आपण उभ्यानेच खाली पाहून फोटो काढतो. मग मावळ्याचे पागोटे मोठे आणि पाय बारीक दिसतात. खेळणे ते खेळणेच वाटते.

मामा जमिनीवर बसला. त्याने मोबाइल मावळ्याच्या छातीच्या उंचीला आणला. आता मावळा समोरून बघू लागला. चार बोटांचा गडी पुरुषभर उंच वाटला. माणसाचा मान राखायचा तर त्याच्या नजरेला नजर द्यावी लागते. मातीच्या माणसालाही तोच नियम.

फार जवळ जाऊ नका

वस्तू लहान म्हणून आपण मोबाइल अगदी टेकवतो. तिथेच चूक होते. पुस्तक नाकाला लावले तर अक्षर वाचता येते का? भिंगाचेही तसेच आहे. फार जवळचे त्याला स्पष्ट दिसत नाही.

दुसरी गोष्ट अशी. जवळून पाहिले की भिंगाला एकच पातळी स्पष्ट दिसते. भाल्याचे टोक स्पष्ट आले तर चेहरा अंधुक होतो. म्हणून एक-दीड वीत मागे सरा. मग भाला आणि चेहरा दोन्ही बरे येतात. मावळा लहान दिसला तर मोबाइलमध्ये चित्र दुप्पट मोठे करा. त्याहून जास्त ताणू नका, चित्र फाटल्यासारखे होते.

मग पडद्यावर मावळ्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. तिथे चौकोन येतो. म्हणजे मोबाइलला कळते की बघायचे ते इथे.

पुष्कळ मोबाइलांत त्या चौकोनाशेजारी सूर्याचे चिन्ह येते. बोट खाली सरकवले की फोटो गडद होतो, वर सरकवले की उजळ होतो. याची गरज का पडते? मोबाइल सगळ्या चित्राचा उजेड एकत्र मोजतो. मागे काळी घोंगडी असली तर त्याला वाटते अंधार आहे. तो सगळेच उजळ करतो आणि मावळ्याचा चेहरा पांढराफटक होतो. अशा वेळी थोडे गडद करा. मागे पांढरा कागद असला तर उलटे करा.

हात हलू देऊ नका

खिडकीचा उजेड उन्हाहून कमी. उजेड कमी असला की मोबाइल चित्र घ्यायला जास्त वेळ लावतो. तेवढ्यात हात हलला की चित्र पुसट.

मामाने बाजरीची एक लहान पिशवी मागितली. ती चौरंगासमोर ठेवली, वर खळगा केला आणि त्यात मोबाइल आडवा रोवला. मग तीन सेकंदांनी आपोआप फोटो निघेल अशी सोय लावली. बोट लावून हात बाजूला घेतला. मोबाइल जागचा हलला नाही.

स्थिर कॅमेऱ्याची करामत आपल्याच एका माणसाने फार पूर्वी दाखवली होती. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा लावला आणि त्याच्या वाढीची चित्रे थोड्या थोड्या वेळाने घेत गेले. ती चित्रे ओळीने दाखवली तेव्हा रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसले. मग १९१३ साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. लहान वस्तू आणि घरची जागा यांत कमीपणा नाही. धीर मात्र हवा.

किल्ल्याचा फोटो कधी काढावा

मावळ्याचा फोटो दिवसा काढा. पण दिवे लावलेल्या किल्ल्याचा फोटो दिवेलागणीला काढावा. सूर्य मावळला आहे, पण आभाळात उजेड आहे, अशी वेळ धरा. तेव्हा पणतीही दिसते आणि बुरुजही दिसतो. काळोख झाला की नुसती ज्योत दिसते. ही वेळ फार थोडी असते. म्हणून पणत्या आधीच लावून ठेवा आणि मोबाइल पिशवीवर रोवून ठेवा.

पणतीजवळ कापड किंवा कागद नेऊ नका. फोटोपायी आग लागली असे व्हायला नको.

मावळ्याला जपा

फोटोआधी धूळ झाडावी लागते. आजोबांचे मावळे कच्च्या मातीचे होते. ओल्या फडक्याने पुसले असते तर नाक-डोळे फडक्यावर आले असते. मामाने रंगाचा मऊ, कोरडा ब्रश घेतला आणि वरून खाली हलकेच धूळ काढली. मावळा भाल्याला धरून उचलला नाही. खाली हात घालून उचलला.

माती आणि रंग किती नाजूक असतात, त्याचा एक मोठा दाखला आहे. १९७४ साली चीन देशात शिआन शहराजवळ काही शेतकरी विहीर खणत होते. त्यांना मातीचे शिपाई सापडले. पुढे खणता खणता हजारो निघाले. माणसाएवढे उंच आणि सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीचे. ते रंगवलेले होते. पण बाहेरची कोरडी हवा लागताच पुष्कळ शिपायांचा रंग सुटून गळून गेला. एवढ्या वर्षांचा रंग गेला, तो गेलाच. म्हणून वस्तू हाताशी आहे तोवर तिचे चित्र घेऊन ठेवावे.

चारी बाजूंनी फोटो

मामाने सातही मावळ्यांचे चार-चार फोटो काढले. समोरून, पाठीमागून, डावीकडून आणि उजवीकडून. प्रत्येकाचा एक फोटो रुपयाचे नाणे शेजारी ठेवून काढला. त्यामुळे मावळा केवढा ते पुढे कोणालाही कळेल.

पाठीचे फोटो काढताना भाची म्हणाली, "मामा, पाठीवर काय आहे बघायला?"

"बघ तर खरं," मामा म्हणाला. त्याने मावळा थोडा वळवला. खिडकीचा उजेड पाठीवरून तिरपा सरकला. आणि पाठीवर बारीक बारीक वळणे दिसू लागली, सऱ्या पाडलेल्या रानासारखी. तो अंगठ्याचा ठसा होता.

आजीने चष्मा लावून पडद्यावर पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "हा त्यांचा अंगठा."

इतकी वर्षे तो ठसा तिथेच होता. घरात कोणाला दिसला नव्हता.

ते फोटो भावाला पाठवले. त्याचा फोन आला. तो म्हणाला, "ढालीवाल्याच्या कोपराचा टवका उडालाय, तो माझ्या हातून. मी सहा वर्षांचा होतो. आजोबा रागावले नव्हते." पुढे तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पाठीचा फोटो पुन्हा पाठव."

फोटो काढून झाल्यावर

मोबाइल पडतो, हरवतो, बिघडतो. त्यातच ठेवलेला फोटो त्याच्याबरोबर जातो. म्हणून चांगले फोटो निवडा. ते घरातल्या दुसऱ्या मोबाइलवरही पाठवून ठेवा. चार-दोन तरी कागदावर छापून घ्या. छापलेल्या फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहा: वस्तू काय, कोणी केली, कुठे केली, फोटो कोणत्या साली काढला. आता तुम्हाला लिहिता येते. हे चार शब्द तुम्हीच लिहा. नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांनी परका होतो.

लक्षात ठेवा

१. मोबाइलचा दिवा बंद ठेवा.
२. उजेड एका बाजूने येऊ द्या. उत्तरेची खिडकी उत्तम.
३. ऊन थेट येत असेल तर पांढरे पातळ कापड लावा.
४. सावलीच्या बाजूला पांढरा कागद धरा.
५. मागे साधा कागद किंवा घोंगडी असावी.
६. मावळ्याच्या छातीच्या उंचीला बसा. फार जवळ जाऊ नका.
७. मोबाइल धान्याच्या पिशवीवर रोवा.
८. कच्च्या मातीला पाणी लावू नका.
९. फोटोमागे नाव आणि साल लिहा.

पुढच्या पावसाळ्यात

पुढच्या वर्षी पाऊस जास्त झाला. भिंतीला ओल आली. फडताळातला भालेवाला मावळा ढासळला. सातांचे सहा राहिले.

नातीने पेटीतून त्याचे चार फोटो काढले आणि चौरंगावर ओळीने मांडले. नदीची माती आणली. समोरच्या फोटोवरून छाती केली, बाजूच्या फोटोवरून पागोटे केले, नाण्याशेजारच्या फोटोवरून उंची मोजली. दोन मावळे मोडले. तिसरा उभा राहिला. तो आजोबांच्या मावळ्यासारखा हुबेहूब नव्हता. नाक जरा जाड झाले होते.

तिने तो आजीला दाखवला. आजीने उलटा-सुलटा करून पाहिला. म्हणाली, "हा तुझा. सुकला की त्यांच्यात नेऊन उभा कर."